कम्युनिटी कॉलेजात पहिल्यांदा शिकवताय? सत्राचे पहिले चार आठवडे असे सांभाळा

क्युपर्टिनोचं डी अँझा, सँटा क्लाराचं मिशन, एडिसनचं मिडलसेक्स, डॅलसच्या उत्तरेचं कॉलिन: अमेरिकेतल्या मराठी वस्तीला लागूनच ही कम्युनिटी कॉलेजं आहेत, आणि भारतातून एम.एस्सी., एम.ए. किंवा एम.सी.ए. करून आलेली बरीच मंडळी तिथे ॲडजंक्ट म्हणून, म्हणजे अर्धवेळ, एक-दोन वर्ग घेतात. विषय पक्का असतो, शिकवायची हौसही असते. अडतं ते सत्राच्या तोंडाशी. ऑगस्टच्या मध्यावर ईमेलचा पूर येतो आणि त्यातलं कुठलं पत्र आज वाचायचं, कुठलं पुढच्या महिन्यात वाचलं तरी चालेल, हे कोणी सांगत नाही.

पहिल्या महिन्यात शिकवण्याच्या बरोबरीचं काम म्हणजे रोस्टर, वर्गाची अधिकृत यादी. कॉलेजला मिळणारा निधी, विद्यार्थ्याची आर्थिक मदत आणि त्याच्या गुणपत्रकावर कायम राहणारी अक्षरं, तिन्ही त्या यादीवर ठरतात, आणि ती बरोबर ठेवण्याची जबाबदारी शिक्षकाची असते. पुढचा तपशील मुख्यतः कॅलिफोर्निया धरून दिला आहे. तिथे ७३ डिस्ट्रिक्टमध्ये ११६ सरकारी कम्युनिटी कॉलेजं आहेत, नियम बरेचसे सारखे आहेत. टेक्ससचे फरक जागोजागी सांगितले आहेत.

नेमणुकीचे कागद

कॅलिफोर्नियात बहुतेक शैक्षणिक विषयांना त्याच विषयातली मास्टर्स लागते. भारतातली पदवी असेल तर नाकेस या संघटनेच्या सदस्य संस्थेकडून तिचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं. विद्यापीठातून सीलबंद गुणपत्रकं मागवायला वेळ लागतो, म्हणून हे काम अर्ज करण्याच्या दोन-तीन महिने आधीच सुरू करा. इंजिनिअरिंग करून एम.बी.ए. केलेल्यांना राज्याच्या किमान पात्रतेच्या यादीप्रमाणे बिझनेसबरोबर कॉम्प्युटर सायन्सही शिकवता येतं; नुसत्या एम.बी.ए.वर मात्र कॉम्प्युटर सायन्स नाही. यादीतल्या अटींत न बसणाऱ्यांचा समकक्षतेचा वेगळा अर्ज समितीपुढे जातो. टेक्सससह दक्षिणेकडच्या राज्यांत मास्टर्स आणि त्या विषयातले किमान १८ पदव्युत्तर क्रेडिट तास असा हिशेब असतो. तुमची मास्टर्स शेजारच्या विषयातली असेल, तर गुणपत्रकातून ते १८ तास वेगळे काढून दाखवा.

व्हिसाच्या बाबतीत जराही ढिलाई नको. एच-४ वर असलेल्या काही जोडीदारांना २०१५ पासून कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळतो. त्यावरची मुदत सत्राच्या मध्ये संपत नाही ना, हे नेमणूक स्वीकारण्याआधी पाहा. एच-१बी वर असाल तर दुसऱ्या मालकाकडे पगारी काम करायला त्या मालकाने स्वतंत्र अर्ज केलेला असावा लागतो. आठवड्यातून एकच संध्याकाळचा वर्ग असला तरी त्यातून सूट नाही. आय-९ फॉर्मचा, म्हणजे काम करण्याचा हक्क तपासणाऱ्या फॉर्मचा, तुमचा भाग कामाच्या पहिल्या दिवसापर्यंत भरायचा आणि मूळ कागद त्यानंतरच्या तीन कामकाजी दिवसांत दाखवायचे.

कॅलिफोर्नियात बोटांचे ठसे आणि क्षयरोगाची तपासणीही लागते. आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी बीसीजी टोचलेली असते, त्यामुळे हातावर टोचून करायची चाचणी रोग नसताना पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पुन्हा डॉक्टर यांत आठवडा जातो. आधी जोखमीची प्रश्नावली भरून घेतात. त्यात चाचणी लागेल असं निघालं तर बीसीजी झाल्याचं सांगून थेट रक्ताची चाचणी मागा.

पत्रांच्या ढिगातून आधी काय उचलायचं

सत्रापूर्वी येणारी पत्रं साधारण पाच ठिकाणांहून येतात: ॲडमिशन्स अँड रेकॉर्ड्स, तुमचं डिव्हिजन (जवळच्या विषयांचा विभाग, त्याचा प्रमुख डीन), ऑनलाइन शिक्षणाचा विभाग, मनुष्यबळ विभाग आणि अध्यक्षांचं कार्यालय. पहिल्या दोघांची पत्रं आली त्याच दिवशी वाचा. अध्यक्षांच्या पत्रात बहुधा उद्घाटनाच्या सभेचं निमंत्रण असतं. कॅलिफोर्नियात त्याला जोडून फ्लेक्स डे असतो, म्हणजे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा दिवस. अर्धवेळ शिक्षकांना त्याचे तास कराराप्रमाणे लागू होतात आणि कित्येक ठिकाणी त्यांचा मोबदलाही मिळतो. किती तास, ते डिव्हिजनच्या ऑफिसात विचारा. खोलीची किल्ली, कॉपियरचा कोड, पार्किंगचा परवाना, रात्री दार उघडून द्यायला कुणाला फोन करायचा, हे सगळं त्याच ऑफिसात सुटतं. डीनला पत्र लिहिण्याआधी तिथे जाऊन या.

मग एक कागद घ्या आणि त्यावर या तारखा लिहा: वर्गाचा पहिला दिवस, नाव घालण्याची शेवटची तारीख, फी परत मिळून नाव काढण्याची तारीख, गुणपत्रकावर डब्ल्यू (विषय मध्येच सोडल्याची खूण) न येता नाव काढण्याची तारीख, सेन्ससचा, म्हणजे वर्गाच्या अधिकृत मोजणीचा, दिवस, डब्ल्यू घेऊन बाहेर पडण्याची शेवटची तारीख, सुट्ट्या, अंतिम परीक्षेचा दिवस आणि वेळ. कॉलेजच्या वेबसाइटवरचं मोठं कॅलेंडर पूर्ण सत्राच्या वर्गांसाठी असतं. तुमचा वर्ग आठ किंवा बारा आठवड्यांचा असेल तर त्याच्या तारखा निराळ्या निघतात. म्हणून शिक्षकांच्या पोर्टलमध्ये जाऊन तुमच्याच सेक्शनच्या क्रमांकापुढे दिसणाऱ्या तारखा उतरवून घ्या. डी अँझासारख्या क्वार्टर पद्धतीच्या कॉलेजात तर सगळंच सुमारे बारा आठवड्यांत आटोपतं, तिथे सेमिस्टरवाल्या मित्राच्या तारखा अजिबात कामाच्या नाहीत.

त्याच कागदावर गणेश चतुर्थीही लिहा. २०२५ मध्ये ती २७ ऑगस्टला आली होती, २०२६ मध्ये १४ सप्टेंबरला आहे, म्हणजे नेमकी रोस्टरच्या धावपळीत. त्या दिवशी वर्ग असेल तर करारातली वैयक्तिक रजा कशी घ्यायची ते आधी विचारा आणि डीनला लेखी कळवा. विद्यार्थ्यांना परस्पर ‘उद्या वर्ग नाही’ असं पाठवणं ही गंभीर चूक धरली जाते, कारण वर्गाचे तास सरकारी हिशेबात मोजलेले असतात.

सिलॅबस

विषयात काय शिकवायचं हे कोर्स आउटलाइनमध्ये ठरलेलं असतं. ती कॉलेजने मंजूर केलेली असते आणि तिच्यातले विषय, किमान लेखनकाम आणि शिक्षणाची उद्दिष्टं तुम्हाला बदलता येत नाहीत. सिलॅबस मात्र तुम्ही लिहायचा: वेळापत्रक, गुणांची विभागणी, नियम, संपर्क. उद्दिष्टं आउटलाइनमधून शब्दशः उतरवा. डिव्हिजन तेवढं नक्की तपासतं.

कामाचं प्रमाण युनिटवरून, म्हणजे विषयाच्या क्रेडिटवरून, ठरतं. सेमिस्टर पद्धतीत तीन युनिटच्या व्याख्यानाच्या विषयाला आठवड्याला सुमारे तीन तास वर्ग आणि सहा तास घरचा अभ्यास धरतात. तुम्ही दिलेलं वाचन आणि गृहपाठ त्या सहा तासांत बसतात का, हे एकदा प्रामाणिकपणे मोजा. या कॉलेजांतले पुष्कळ विद्यार्थी नोकरी करून, मुलंबाळं सांभाळून शिकतात. सहाचे दहा तास झाले की पाचव्या आठवड्यात मागचे बाक रिकामे होऊ लागतात.

आता गुणांचं. महाराष्ट्रात ६० टक्के म्हणजे फर्स्ट क्लास, आणि पेपरही तसाच काढतात: चांगल्या विद्यार्थ्यालाही शेवटचे दोन प्रश्न जड जावेत असा. इथे नेहमीच्या श्रेणीत ९० ला ए, ८० ला बी, ७० ला सी आणि ६० ला डी. चार वर्षांच्या विद्यापीठात बदली घेणाऱ्याला मुख्य विषयांत बहुधा सी तरी लागतोच. आपल्या सवयीने काढलेल्या पेपरात अर्धा वर्ग ६० वर अडकतो आणि त्यातले निम्मे पुढच्या आठवड्यात नाव काढून घेतात. यावर उपाय पेपर पातळ करण्याचा नाही. प्रत्येक पेपरात सुमारे ७० टक्के गुणांचे प्रश्न असे ठेवा की आउटलाइनमधलं किमान शिकलेला विद्यार्थी ते सोडवू शकेल, २० टक्के त्याच्या वरच्या पातळीचे, आणि खरे कस लावणारे १० टक्केच. सगळा भार दोन मोठ्या परीक्षांवरही टाकू नका. दर आठवड्याचं छोटं काम, दोन-तीन चाचण्या, एक प्रकल्प आणि अंतिम परीक्षा अशी विभागणी इथे रुळलेली आहे.

उशिरा दिलेल्या कामाचा नियम एका वाक्यात लिहा आणि पाळा. ‘रोज १० टक्के कमी, सात दिवसांनंतर शून्य’ एवढं पुरतं. एआयबद्दल नुसतं ‘परवानगी नाही’ लिहून भागत नाही. कुठल्या कामात चालेल, कुठल्या नाही, वापरलं तर कसं नमूद करायचं आणि नियम मोडला तर काय होईल, हे कामागणिक लिहा. गैरहजेरीमुळे नाव काढण्याचा हक्क राखून ठेवायचा असेल तर किती तास चुकले की काढाल ते सिलॅबसमध्ये असायलाच हवं, नाहीतर नंतर तो वापरणं अवघड होतं.

पुस्तकाचा खर्चही बघा. ओपनस्टॅक्ससारखी मोफत पुस्तकं चालणार असतील तर डिव्हिजनला तसं कळवा. कॅलिफोर्नियात २०१८ पासून पुस्तकाचा खर्च नसलेले वर्ग वेळापत्रकात वेगळी खूण करून दाखवावे लागतात, आणि ती खूण पाहून वर्ग निवडणारे विद्यार्थी बरेच असतात.

टेक्ससमध्ये आणखी एक बंधन आहे. २००९ च्या कायद्याप्रमाणे तुमचा सिलॅबस आणि शैक्षणिक परिचय वर्ग सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत कॉलेजच्या संकेतस्थळावर लागायला हवा.

कॅनव्हास

कॅनव्हास म्हणजे वर्गाचं साहित्य, गृहपाठ आणि गुण ठेवण्याची ऑनलाइन प्रणाली. कॅलिफोर्नियातली कॉलेजं जवळजवळ सगळी तिच्यावर आहेत. सत्राच्या आधीच्या आठवड्यात हे क्रमाने करा.

आधीच्या शिक्षकाचा किंवा डिपार्टमेंटचा नमुना कोर्स आयात करा. आयात करतानाच तारखा बदलण्याचा पर्याय असतो, तिथे जुन्या आणि नव्या सत्राची सुरुवात भरा. ते राहिलं तर गेल्या वर्षीच्या मुदती तशाच येतात आणि पहिल्याच दिवशी विद्यार्थ्यांना सगळं काम ‘उशीर झाला’ असं दिसतं. तारखा सरकवल्या तरी त्या एकदा डोळ्यांखालून घाला, कारण सुट्टीवर पडलेली मुदत कॅनव्हासला कळत नाही. मग लिंक तपासणारं साधन चालवा. ‘स्टुडंट व्ह्यू’मध्ये जाऊन सिलॅबस उघडतो का, पहिलं काम जमा करता येतं का, ते स्वतः करून पाहा. शेवटी कोर्स ‘पब्लिश’ करा. सगळं तयार, पण कोर्स प्रकाशितच केलेला नाही, म्हणून पहिल्या दिवशी विद्यार्थ्यांना कोरं पान दिसतं, हे नव्या शिक्षकांच्या बाबतीत सर्रास घडतं.

गुणांच्या तक्त्यात एक सापळा आहे. न दिलेल्या कामापुढे नुसती रेघ राहिली तर कॅनव्हास ते काम एकूण गुणांत धरतच नाही. एकच गृहपाठ देऊन त्यात दहापैकी नऊ गुण मिळवणाऱ्याला ९० टक्के दिसतात आणि आपलं उत्तम चाललंय असं त्याला वाटत राहतं. नोव्हेंबरात तुम्ही शून्यं भरता आणि तो एकदम ४० वर येतो. तोवर बाहेर पडायची मुदतही निघून गेलेली असू शकते. ग्रेडबुकच्या सेटिंगमध्ये ‘लेट पॉलिसीज’खाली न दिलेल्या कामाला आपोआप शून्य द्यायची सोय आहे, ती पहिल्याच दिवशी चालू करा. कागदावर घेतलेल्या कामाला ती लागू होत नाही. तिथली शून्यं हातानेच भरावी लागतात.

साहित्य सर्वांना वाचता यायला हवं. न्याय खात्याच्या २०२४ च्या नियमाने सरकारी कॉलेजांच्या ऑनलाइन साहित्याला डब्ल्यूसीएजी २.१ हे मानक, पातळी एए, लावलं आहे. ते कधीपासून बंधनकारक, ते तुमच्या कॉलेजच्या सूचनेतून घ्या. काम मात्र आजपासूनच करता येतं. पुस्तकाची पानं मोबाइलवर टिपून केलेली पीडीएफ म्हणजे स्क्रीन रीडरच्या दृष्टीने नुसतं चित्र, म्हणून मजकूर ओळखता येणारी प्रत द्या. चित्राखाली वर्णन लिहा. शीर्षकासाठी अक्षरं नुसती ठळक करू नका, शीर्षकाची शैली वापरा. व्हिडिओला सबटायटल्स लावा आणि यूट्यूबने आपोआप केलेली एकदा तपासा, कारण आपल्या उच्चारांत तांत्रिक शब्द आले की ती हमखास चुकतात.

वर्ग पूर्ण ऑनलाइन असेल तर केंद्र सरकारचा आणखी एक नियम लागतो: शिक्षकाने नियमित आणि अर्थपूर्ण संपर्क ठेवायचा. आपोआप तपासल्या जाणाऱ्या क्विझने तो पुरा होत नाही. ठरलेल्या दिवशी घोषणा, चर्चेत तुमची स्वतःची उत्तरं, कामावर लिहिलेला अभिप्राय आणि मागे पडलेल्याला आपणहून पाठवलेला निरोप, हे त्यात मोजलं जातं. यातलं सगळं कॅनव्हासच्या आतच करा, म्हणजे नोंद राहते.

पहिला दिवस ते सेन्सस

सेन्सस म्हणजे त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष सहभागी असलेल्यांची मोजणी. कॅलिफोर्नियात ती सत्राच्या सुमारे एक-पंचमांश टप्प्यावर येते. पूर्ण सेमिस्टरला तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, आठ आठवड्यांच्या वर्गाला दुसऱ्या आठवड्यातच. टेक्ससमध्ये सोळा आठवड्यांच्या सत्रात बारावा वर्गदिवस धरतात. त्याच्या आधी कधीच न आलेल्यांची नावं काढणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे, मर्जीचा भाग नव्हे.

एक नमुना घेऊ. वर्गाची मर्यादा ३५, रोस्टरवर ३५ नावं, प्रतीक्षा यादीत ८. सोमवारी संध्याकाळी सहाला तुम्ही वर्गात शिरता, समोर ३३ जण बसलेले. नावं पुकारल्यावर कळतं की त्यातले २८ रोस्टरवरचे, चार प्रतीक्षा यादीतले आणि एक जण यादीत कुठेच नाही. वर्गाच्या अगदी आधी ताजं छापलेलंच रोस्टर वापरा, कारण ते तासातासाला बदलतं. प्रतीक्षेतल्यांना आणि पाचव्यालाही बसू द्या, पण अजून कोणाला ॲड कोड, म्हणजे रोस्टरवर नाव घालण्याचा कोड, देऊ नका. न आलेल्या सात जणांना त्याच रात्री कॅनव्हासमधून निरोप पाठवा: ‘तुमची जागा ठेवायची असेल तर बुधवारी वर्गाआधी उत्तर द्या.’ पहिल्या दिवशी न आलेल्याचं नाव काढण्याची मुभा बऱ्याच कॉलेजांत असते, तरी हा निरोप पाठवाच. कुणाचा पाळणाघराचा घोळ झालेला असतो, कुणाची कामाची पाळी बदललेली असते.

बुधवारी समजा तिघांनी उत्तर दिलं आणि ते आले. उरलेल्या चौघांची नावं पोर्टलमधून काढा. कॅनव्हासमधून काढून उपयोग नाही, तो अधिकृत रोस्टर नव्हे. चार जागा मोकळ्या झाल्या. त्या प्रतीक्षा यादीच्या क्रमानेच द्या. प्रत्येकाला एक ॲड कोड, जो एकदाच चालतो, आणि तो वापरण्याची तारीख सांगा. कोड दिला म्हणजे नाव लागलं असं नाही. विद्यार्थ्याने तो स्वतः पोर्टलमध्ये टाकून फी भरायची असते. दोन दिवसांनी रोस्टर पुन्हा उघडून नाव आलं का बघा. नाव न लागलेला विद्यार्थी महिनाभर वर्गात बसतो आणि मुदत उलटल्यावर उलगडा होतो, ही सत्रातली सगळ्यांत क्लेशाची गोष्ट. त्याने केलेलं काम वाया जातं आणि उशिरा नाव घालण्याचा अर्ज मंजूर होईलच याची खात्री नसते.

कधीच न आलेल्याचं नाव तुम्ही राहू दिलं तर काय होतं? कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर फी आहे, म्हणजे तीन युनिटचे १३८. ती त्याच्या खात्यावर थकते. गुणपत्रकावर एफ बसतो. पेल ग्रँट, म्हणजे केंद्राची आर्थिक मदत, मिळाली असेल तर ज्या वर्गाला तो गेलाच नाही त्याचे पैसे परत मागितले जातात. कॉलेजने त्या नावावर राज्याकडून निधी घेतला असेल तर लेखापरीक्षणात तो आक्षेप ठरतो. उलट, येणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव चुकून काढलं तर त्याची युनिट बारापेक्षा कमी होऊन पूर्णवेळ विद्यार्थ्याचा दर्जा जाऊ शकतो, आणि तो एफ-१ व्हिसावर असेल तर ते फार महागात पडतं. म्हणून नाव काढण्याआधी हजेरीचा कागद आणि कॅनव्हासची नोंद दोन्ही समोर ठेवा.

ऑनलाइन वर्गात हजेरी कशी ठरवायची? नुसतं लॉगिन केलं म्हणजे सहभाग नव्हे, हे केंद्राच्या नियमात स्पष्ट आहे. काम जमा करणं, क्विझ सोडवणं, विषयाच्या चर्चेत लिहिणं, विषयाबद्दल शिक्षकाला प्रश्न विचारणं, हे सहभागात धरतात. म्हणून पहिल्या आठवड्यात एक छोटं पण सक्तीचं काम ठेवा, मुदत तिसऱ्या किंवा चौथ्या दिवशीची, आणि सिलॅबसमध्ये लिहा की ते न दिल्यास नाव काढलं जाईल.

ते काम निवडताना एक गोष्ट ध्यानात घ्या. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन वर्गांत बनावट विद्यार्थ्यांचा सुळसुळाट झाला आहे. चोरलेल्या ओळखीवर प्रवेश घ्यायचा, आर्थिक मदत उचलायची आणि गायब व्हायचं, असा तो प्रकार. त्यांच्यामुळे वर्ग भरलेला दिसतो आणि खरे विद्यार्थी प्रतीक्षा यादीत ताटकळतात. ‘स्वतःची ओळख करून द्या’ हे काम यंत्राकडून लिहून घेणं सोपं आहे. त्याऐवजी सिलॅबसमधल्या एखाद्या विशिष्ट बाबीवर प्रश्न विचारा, हातानं सोडवलेल्या उदाहरणाचा फोटो मागा किंवा पाच मिनिटांची व्हिडिओ भेट ठेवा. संशय आला तर ॲडमिशन्सला कळवा. नाव काढताना मात्र आधार न केलेल्या कामाचाच घ्या. तुटक इंग्रजी, अनोळखी धाटणीचं नाव किंवा कॅमेरा बंद असणं हा पुरावा होत नाही. अशा अंदाजाचा फटका बसतो तो नुकत्याच आलेल्या निर्वासित विद्यार्थ्याला किंवा एकाच फोनवर शिकणाऱ्या आईला.

सेन्ससच्या आदल्या आठवड्यात पोर्टलमध्ये सेन्सस रोस्टर उघडतं. प्रत्येक नाव तपासून, जे नाहीत ते काढून, ते सही करून जमा करायचं. कोणाचंही नाव काढायचं नसलं तरी जमा करणं चुकत नाही. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरचा पहिला सोमवार, याच सुमारास येतो. जोडून सुट्टीला बाहेरगावी जाणार असाल तर निघण्याआधी हे उरका.

पहिल्या दिवसाचं एक राहिलं. सिलॅबस वाचून दाखवून वर्ग लवकर सोडू नका. नियमांना वीस मिनिटं द्या आणि उरलेल्या वेळात खरंखुरं शिकवा, एखादं उदाहरण विद्यार्थ्यांकडून सोडवून घ्या. हा वर्ग आपल्याला झेपेल का, हे त्यांना त्यातूनच कळतं, आणि फी परत मिळण्याच्या मुदतीत निर्णय घेता येतो. नावांचे उच्चार विचारून रोस्टरवर देवनागरीत लिहून ठेवा. व्हिएतनामी आणि स्पॅनिश नावांना त्याचा फार उपयोग होतो.

सवलतीचं पत्र, गोपनीयता, अडचणीतला विद्यार्थी

अपंगत्व सेवा कार्यालयाकडून, कॅलिफोर्नियात त्याला डीएसपीएस म्हणतात, विद्यार्थ्याच्या सवलतींचं पत्र येतं. दीडपट वेळ ही त्यातली नेहमीची सवलत. काय आजार आहे ते विचारू नका, पुरावा मागू नका. ते काम त्या कार्यालयाचं. कॅनव्हासच्या जुन्या क्विझमध्ये जादा वेळ प्रत्येक क्विझला वेगळा द्यावा लागतो, ‘मॉडरेट’ या पानावरून. पहिल्या क्विझला दिला आणि दुसऱ्या वेळी विसरला, ही तक्रार दर सत्रात असते. पत्र आलं त्याच दिवशी सत्राच्या सगळ्या क्विझना वेळ लावून टाका.

विद्यार्थ्याच्या नोंदी १९७४ च्या फर्पा कायद्याने सुरक्षित आहेत. गुणांची यादी नावानिशी किंवा क्रमांकानिशी दारावर लावायची नाही, तपासलेले पेपर गठ्ठ्याने टेबलावर ठेवायचे नाहीत. हा हक्क कॉलेजात पाऊल ठेवल्याबरोबर विद्यार्थ्याकडे जातो, मग तो हायस्कूलमध्ये असताना कॉलेजचा वर्ग घेणारा सोळा वर्षांचा मुलगा का असेना. मराठी माणसाची खरी कसोटी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत लागते. प्रसादाच्या रांगेत ओळखीची काकू विचारते, ‘काय म्हणतोय आमचा सोहम तुमच्या वर्गात?’ तो वर्गात आहे की नाही, हेसुद्धा बोलू नका. ‘काकू, मला नियमाने सांगता येत नाही, त्यालाच विचारा ना’ एवढं म्हणा. घरच्यांचा फोन किंवा ईमेल आला तरी हेच.

लैंगिक छळाबद्दल विद्यार्थी काही सांगू लागला तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. कॅलिफोर्नियात शिक्षकाने ते कॉलेजच्या टायटल नाइन (शिक्षणातल्या लिंगभेदाविरुद्धचा कायदा) समन्वयकाला कळवायचं असतं. गोपनीय बोलायचं असेल तर समुपदेशक आहेत, हे त्याला आधीच सांगा. उपाशी असणारा, गाडीत झोपणारा विद्यार्थी तुमच्याही वर्गात असू शकतो. कॅलिफोर्नियाच्या प्रत्येक कॉलेजात बेसिक नीड्स सेंटर असतं. त्याची जागा आणि वेळ सिलॅबसच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे कोणाला विचारावं लागत नाही.

वर्ग रद्द झाला तर, आणि पगाराचं

विद्यार्थी कमी पडले की ॲडजंक्टचा वर्ग सुरू होण्याच्या तोंडावरही रद्द होतो. पूर्णवेळ प्राध्यापकाचा वर्ग रद्द झाला तर तुमचा वर्ग त्यांच्याकडे जाऊ शकतो. रद्द झाल्यास काही मोबदला मिळतो का, ते युनियनच्या करारात असतं. करार वाचाच. कॅलिफोर्नियात एका डिस्ट्रिक्टमध्ये अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम घेता येतं. पूर्ण भार १५ युनिट असेल तर ते साधारण १० होतात. म्हणून अनेक जण दोन डिस्ट्रिक्टमध्ये शिकवतात. तसं करणार असाल तर दोन्हीकडच्या सेन्ससच्या तारखा वेगळ्या रंगाने लिहा. पहिला पगार उशिरा येतो, ऑगस्टअखेर सुरू झालेल्या वर्गाचा कित्येकदा सप्टेंबरच्या शेवटी किंवा त्याच्याही नंतर. निवृत्तिवेतनाची निवड करायचा कागद त्याच सुमारास येतो, त्याची मुदत असते.

सेन्सस झाल्यावर

पहिली गुण धरणारी चाचणी चौथ्या-पाचव्या आठवड्यात घ्या आणि पेपर एका आठवड्यात परत करा. ज्यांचे गुण ६० च्या खाली आहेत त्यांना कॉलेजच्या अर्ली अलर्ट यंत्रणेतून, म्हणजे मागे पडणाऱ्यांची वेळीच सूचना देणाऱ्या यंत्रणेतून, नोंदवा आणि वेगळा निरोपही पाठवा. त्यात ट्यूटरिंग सेंटरच्या वेळा आणि तुमच्या ऑफिस अवर्स लिहा. ‘काही अडलं तर या’ म्हणून कोणी येत नाही, ‘मंगळवारी साडेपाचला या, दुसरा आणि चौथा प्रश्न पुन्हा सोडवू’ म्हटलं की येतात. डब्ल्यू घेऊन बाहेर पडण्याची मुदत कॅलिफोर्नियात सत्राच्या तीन-चतुर्थांशाच्या पुढे जात नाही, म्हणजे सोळा आठवड्यांच्या सत्रात फार तर बारावा आठवडा. काही कॉलेजांत ती त्याआधीच संपते. तोवर प्रत्येकाला आपली खरी स्थिती कळलेली असावी, म्हणून त्या मुदतीच्या दहा दिवस आधी ग्रेडबुक पूर्ण भरा, शून्यांसकट, आणि वर्गाला तारीख फळ्यावर लिहून दाखवा.